सेम्बुंगान : जावाच्या डोंगरमाथ्यावरील एक खेडे

जावा बेट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाण्याने भरलेली भातखाचरे आणि नारळीच्या बागा उभ्या राहतात. भूगोलाच्या पुस्तकांतील चित्रे तशीच असतात. समाजशास्त्राच्या वर्गात जावाचा उल्लेख येतो तोही बहुधा भातशेतीच्याच संदर्भात. क्लिफर्ड गीर्ट्‌झ या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये 'अ‍ॅग्रिकल्चरल इन्व्होल्यूशन' हा ग्रंथ लिहिला. भातखाचरांत जितकी माणसे राबवावीत तितकी ती सामावून घेतली जातात, त्यामुळे लोकसंख्या वाढली तरी खेडे मोडत नाही, पण पुढेही जात नाही. आहे ते दारिद्र्य सर्वजण वाटून घेतात, असा त्याचा सिद्धान्त थोडक्यात सांगता येईल. या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ टीका झाली, तरी 'जावा म्हणजे भात' हे समीकरण मात्र आपल्या मनात पक्के बसले आहे.

या समीकरणात न बसणारा एक जावा आहे. तो दोन हजार मीटरांच्या वर, ढगांत आणि थंडीत राहतो. तेथे भात पिकत नाही. मध्य जावातील दिएंग पठार आणि त्यावरील सेम्बुंगान हे खेडे यांची ओळख करून देण्याचा प्रस्तुत लेखात मी प्रयत्न करणार आहे. मी स्वतः तेथे गेलेलो नाही. नकाशे, ग्रंथ आणि अभ्यासकांचे अहवाल यांच्या आधारे हा लेख सिद्ध केला आहे. माझे गाव कोयनेच्या खोऱ्यात डोंगरउतारावर असल्यामुळे नाचणीची शेती आणि पावसात वाहून जाणारी माती मी लहानपणापासून पाहत आलो आहे. म्हणूनच हा विषय मला जवळचा वाटला.

स्थान आणि हवामान

प्रथम काही आकडे लक्षात घेऊ. जावाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आहे. २०२० च्या शिरगणतीनुसार या बेटावर १५ कोटींहून अधिक लोक राहत होते. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ मध्ये ११ कोटी २४ लाख होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तेथील जमिनीवर केवढा भार असेल याची कल्पना येते. असा भार असला की माणूस डोंगर चढू लागतो.

दिएंगचे पठार विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ७ अंशांवर, वोनोसोबो आणि बांजारनेगारा या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. जुन्या ज्वालामुखींच्या मुखांचा मिळून तयार झालेला हा प्रदेश आहे. सेम्बुंगान वोनोसोबो जिल्ह्यात सुमारे २३०० मीटर उंचीवर वसले असून जावातील सर्वांत उंचावरचे गाव म्हणून ते ओळखले जाते. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटरांचे आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्याहून साडेसहाशे मीटर उंचावर तेथील लोक रोजचा संसार करतात. गावाजवळ चेबोंग नावाचे तळे आहे आणि त्याच्यामागे सिकुनिर ही टेकडी आहे.

ऑक्टोबर ते एप्रिल पावसाळा आणि उरलेले महिने कोरडे, असे तेथील ऋतुचक्र आहे. जुलै-ऑगस्टमधील निरभ्र रात्री थंड हवा खोलगट भागात उतरून साचते, तापमान शून्याखाली जाते आणि पहाटे पिकांवर पांढरे हिम दिसते. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ हिम पडावे याचे आपल्याला नवल वाटेल. पण तेथील शेतकरी त्याला 'बुन उपास' म्हणजे विषारी दव म्हणतात. एका रात्रीत बटाट्याचा पाला काळा पडतो, म्हणून हे नाव. बाहेरून आलेला प्रवासी ज्या दृश्याची छायाचित्रे घेतो, त्याला शेतकरी विष म्हणतो. एकाच गोष्टीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी पुढेही आपल्याला भेटतील.

नावांतील इतिहास

'दिएंग' या नावाचा संबंध 'दि' म्हणजे स्थान आणि 'ह्यांग' म्हणजे देव वा पूर्वज या जुन्या जावी शब्दांशी जोडतात. देवांचे स्थान असा त्याचा अर्थ. वोनोसोबो हे नाव 'वन' आणि 'सभा' या शब्दांपासून आले असे सांगतात. खेड्याला इंडोनेशियात 'देसा' म्हणतात; तो आपला 'देश' हाच शब्द होय. गावच्या प्रमुखाला 'केपाला देसा' म्हणतात आणि त्यातील 'केपाला' म्हणजे संस्कृतातील 'कपाल'. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या संबंधांचे अवशेष असे रोजच्या बोलण्यात टिकून आहेत.

पठारावरील दगडी शैव मंदिरे जावातील सर्वांत जुन्या वास्तूंमध्ये गणली जातात. तेथे सापडलेल्या एका शिलालेखावर शके ७३१, म्हणजे इ. स. ८०९ हा काल आहे. आज आठ मंदिरे उभी असून अर्जुन, सेमार, श्रीकांडी, पुंतादेवा, सेंबाद्रा, द्वारावती, गाटोटकाचा आणि बिमा अशी त्यांची नावे आहेत. पुंतादेवा म्हणजे युधिष्ठिर, सेंबाद्रा म्हणजे सुभद्रा, हे आपण सहज ओळखतो. ही नावे मात्र मंदिरे बांधणाऱ्यांनी दिलेली नाहीत. 'वायांग' या छायानाट्यातून महाभारताशी परिचित असलेल्या लोकांनी ती फार नंतर दिली.

या नावांत दोन गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत. आपला शिखंडी जावात 'श्रीकांडी' ही शूर धनुर्धारी स्त्री आणि अर्जुनाची पत्नी झाला आहे. आणि सेमार तर व्यासांच्या महाभारतात नाहीच. तो जावी लोकांचा स्वतःचा आहे : लठ्ठ, विनोदी, पांडवांचा सेवक आणि तरीही मुळात देव. दिएंगला अर्जुनाच्या मंदिरासमोर सेमारचे मंदिर आहे. धन्यासमोर सेवकाचे देऊळ! जावाने महाभारत उसने घेतले असे आपण म्हणतो, पण ते घेताना त्याने त्यात स्वतःचे माणूस बसवले, हेही सांगितले पाहिजे. आज दिएंगचे लोक मुसलमान आहेत. ही मंदिरे त्यांच्या पूजेची नसली तरी ती नावे त्यांना परकी वाटत नाहीत.

घर, चूल आणि शेजार

डोंगरावरील घरे एकमेकांना चिकटून असतात. जमीन शेतीसाठी राखायची आणि वाऱ्यापासून बचाव करायचा, असे दोन्ही हेतू त्यातून साधतात. घराचे खरे केंद्र म्हणजे चूल. थंडीमुळे जवळच्या पाहुण्याला स्वयंपाकघरात चुलीभोवतीच बसवतात. पुरुष खांद्यावरून लुंगीसारखा 'सारुंग' पांघरतात. आपल्याकडे घोंगडीचे जे काम, तेच तेथे सारुंगचे. एके काळी या भागाचे मुख्य अन्न मका होते. मक्याचा भरडा भातासारखा शिजवून खात. तांदूळ खालून विकत आणावा लागे.

नात्यांच्या बाबतीत जावी समाज आपल्याहून बराच वेगळा आहे. तेथे नाते आई आणि बाप या दोन्ही बाजूंनी सारखेच मोजतात. मुलींनाही जमिनीत वाटा मिळतो. लग्नानंतर जोडप्याने काही काळ मुलीच्या आईबापांकडे राहणे तेथे कमीपणाचे मानत नाहीत. शेतावर स्त्री-पुरुष बरोबरीने राबतात आणि बाजारातील खरेदी-विक्रीत तर स्त्रियांचा हात मोठा असतो. जुना बाजारही आपल्यासारखा आठवड्याचा नव्हे. लेगी, पाहिंग, पोन, वागे आणि क्लिवोन असा पाच दिवसांचा जावी आठवडा असून त्यातील ठरलेल्या दिवशी बाजार भरतो.

सामूहिक जीवनाचे दोन खांब म्हणजे 'गोतोंग रोयोंग' आणि 'स्लामेतान'. पहिला म्हणजे परस्परांच्या कामाला मजुरीशिवाय जाणे. आपल्याकडची इरजिक किंवा भीमाशंकरच्या परिसरात डोंगरउतारावर खाचरे पाडण्यासाठी होणारी 'पडकई' आठवावी, म्हणजे कल्पना येईल. स्लामेतान म्हणजे जन्म, मृत्यू, नवे घर, पीक अशा प्रसंगी शेजाऱ्यांना बोलावून केलेले प्रार्थनापूर्वक भोजन. जमलेले पुरुष थोडेसे खातात आणि उरलेले अन्न पानात बांधून घरी नेतात. गीर्ट्‌झने १९६० च्या आपल्या 'द रिलिजन ऑफ जावा' या ग्रंथात या विधीला मध्यवर्ती स्थान दिले आहे. त्यात शेजारी कोण हे महत्त्वाचे. श्रीमंत की गरीब हे तितकेसे नाही.

जटांची मुले

दिएंगमधील एका चालीकडे आपल्या विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. येथील काही मुलांच्या केसांत लहानपणी, बहुधा ताप येऊन गेल्यावर, जटा होतात. अशा मुलाला दैवी वारसा आहे असे मानतात आणि त्याचा संबंध क्याई कोलोदेते या पौराणिक मूळपुरुषाशी जोडतात. जटा मन मानेल तेव्हा कापीत नाहीत. मुलाने स्वतः 'आता कापा' म्हटले पाहिजे आणि त्या वेळी ते जे मागेल ते आईबापांनी दिले पाहिजे. कोणी बकरी मागते, कोणी सायकल, कोणी नुसती खाण्याची वस्तू. मग 'रुवातान' हा विधी करून केस कापतात व पाण्यात सोडतात.

महाराष्ट्रातही जट देवीची मानतात. पण आपल्याकडे जट आलेल्या मुलीला ती कापण्याचा अधिकार नसतो. ती आयुष्यभर ओझे वाहते आणि काही ठिकाणी तिला देवाला वाहिले गेल्याची उदाहरणे आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना एकेक जट सोडवण्यासाठी किती समजूत घालावी लागते, हे आपण वृत्तपत्रांत वाचतो. दोन्हीकडे समज सारखाच अवैज्ञानिक आहे. तरी एका समाजाने त्यातून सुटण्याची वाट ठेवली आणि तिची किल्ली मुलाच्या हाती दिली. दुसऱ्याने ती ठेवली नाही. रूढी नुसती 'अंधश्रद्धा' म्हणून नोंदवून पुढे जाणे पुरेसे नाही. तिच्यात निर्णय कोणाच्या हाती आहे, हे पाहणेही आवश्यक आहे, असे मला वाटते.

जमिनीखालचा धोका

ज्या ज्वालामुखींनी दिएंगला सुपीक काळी माती दिली, ते अद्याप शांत झालेले नाहीत. पठारावर ठिकठिकाणी उकळता चिखल आणि गंधकाच्या वाफा दिसतात. त्या उष्णतेवर चालणारे विद्युत्केंद्रही तेथे आहे.

२० फेब्रुवारी १९७९ च्या पहाटे पठाराच्या पश्चिम भागात भूकंपाचे धक्के बसले आणि सिनिला विवराचा उद्रेक झाला. केपुचुकान वस्तीतील लोक घरे सोडून पळाले. ज्या वाटेने ते पळाले त्या वाटेवर जमिनीच्या भेगांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे सखल जागी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. सुमारे दीडशे माणसे वाटेतच गुदमरून मेली. त्यानंतर ती वस्ती ओस पडली. २०११ मध्ये त्याच परिसरातील तिंबांग येथे वायूचे प्रमाण पुन्हा वाढले, तेव्हा लोकांना वेळीच हलवण्यात आले. आज तेथे वायूची मोजणी चालते. तरीही धोक्याच्या जागेपासून फार दूर नसलेल्या उतारांवर बटाटा लावलेला असतोच. याला कोणी अज्ञान म्हणेल. मला ते जमिनीच्या टंचाईचे गणित वाटते.

बटाट्याचे राज्य

१९७० च्या दशकापर्यंत येथे मका, तंबाखू, कोबी अशी पिके होती. १९८० च्या दशकात 'ग्रानोला' या मूळच्या जर्मन जातीचे बटाट्याचे बेणे आले आणि दहा-पंधरा वर्षांत सगळे डोंगर बटाट्याचे झाले. तीन-चार महिन्यांत पीक निघते, वर्षातून दोनदा-तीनदा घेता येते आणि शहरांतून मागणी आहे. थोड्या जमिनीच्या शेतकऱ्याला दुसरे काय हवे? मातीच्या व लाकडी भिंतींच्या जागी पक्की घरे आली, मोटारसायकली आल्या, मशिदींना नवे घुमट आले, मुले शहरात शिकायला गेली आणि अनेक शेतकरी हजला जाऊन आले. गीर्ट्‌झच्या वाटून घेतलेल्या दारिद्र्याचे चित्र येथे लागू पडत नाही. रॉबर्ट हेफ्नर या अभ्यासकाने पूर्व जावातील तेंग्गर या दुसऱ्या डोंगरी प्रदेशाचा अभ्यास करून १९९० मध्ये असेच दाखवून दिले की, डोंगरावरील शेतकऱ्याची वाट सखल भागातील भातवाल्यापेक्षा निराळी आहे.

मात्र बटाट्याचे पीक भांडवल खाते. बेणे, ट्रक भरभरून येणारे कोंबडखत, पावसाळ्यात करप्यासाठी वारंवार करावी लागणारी फवारणी, तळ्यातून पाणी उपसणारे पंप आणि लांबच लांब नळ्या, या सर्वांना रोख पैसा लागतो. भाव पडला वा हिम पडले की कर्ज होते. ज्याच्याजवळ भांडवल नाही तो आपली जमीन खंडाने देतो किंवा 'मारो' पद्धतीने, म्हणजे आपल्या अर्धेलीने, दुसऱ्याची करतो. बरोबरीच्या शेजाऱ्यांत अशा रीतीने मालक आणि मजूर असे अंतर पडत गेले.

माती कोठे जाते?

या लेखाचा मुख्य प्रश्न येथे येतो. शेतीशास्त्र सांगते की, उतारावर सऱ्या उताराला आडव्या काढाव्यात, म्हणजे पाणी अडते आणि माती राहते. दिएंगचा शेतकरी मात्र सऱ्या वरून खाली, उताराच्या दिशेने काढतो. कारण बटाट्याच्या मुळाशी पाणी साचले तर तो सडतो आणि उभ्या सरीतून पाणी झटकन वाहून जाते. पाण्याबरोबर माती जाते, हे त्याला ठाऊक नाही असे नाही. पण आडवी सरी काढून यंदाचे पीक गेले तर यंदाचे कर्ज फेडायचे कोणी? माती संपेल ती पुढे कधी तरी. हप्ता मात्र या हंगामाचा आहे.

१९९८ मध्ये सुहार्तो यांची राजवट कोसळली. त्या गोंधळाच्या काळात जावातील सरकारी जंगलांची मोठी तोड झाली. दिएंगचे उंच उतारही त्यातून सुटले नाहीत आणि जेथे झाडे होती तेथेही बटाटा चढला. उतार उघडा पडला की पावसाळ्यात दरडी कोसळतात. सतत एकच पीक घेतल्याने जमिनीत रोग वाढले. बटाट्याच्या मुळांवरील सूत्रकृमी इंडोनेशियात २००३ मध्ये प्रथम आढळला आणि पुढे तो दिएंगच्या भागातही आला. सुपीक माती जसजशी गेली तसतसे कोंबडखत अधिक लागू लागले, म्हणजे खर्च वाढला, म्हणजे पीक बदलणे आणखी कठीण झाले.

ही माती शेवटी सेरायू नदीत जाते. सेरायूचा उगम दिएंगवरच आहे. उगमाच्या झऱ्याला 'तुक बिमा लुकार' म्हणतात; त्यातील बिमा म्हणजे आपला भीमच. नदी पुढे पश्चिमेकडे वळून हिंदी महासागराला मिळते. तिच्यावर बांजारनेगारा जिल्ह्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस म्रिचाचे धरण बांधून पूर्ण झाले. त्यावर वीज तयार होते आणि खालच्या भातखाचरांना पाणी मिळते. हा जलाशय अपेक्षेपेक्षा फार लवकर गाळाने भरत आहे. डोंगरावरील एका सरीची दिशा अशा रीतीने शेकडो गावांच्या पाण्याचा प्रश्न होऊन बसते. कोयनेच्या खोऱ्यातील आम्हांला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मार्ग कोणते?

मार्ग अगदीच नाहीत असे नाही. 'कारिका' ही डोंगरी पपई मूळची दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील. ती येथील थंडीत चांगली येते. तिची फळे पाकात घालून बरण्यांतून विकतात. बांधावर कारिका लावली तर मुळे माती धरतात आणि बटाट्याचा भाव पडला तरी हाती काही राहते. 'पुर्वाचेंग' या औषधी मुळीच्या पेयालाही गिऱ्हाईक आहे. खालच्या उतारांवर काही जणांनी कॉफी लावली आहे.

दुसरा मार्ग पर्यटनाचा. सिकुनिरच्या टेकडीवरून सूर्योदय पाहण्यासाठी सुटीच्या दिवशी सेम्बुंगानमध्ये गर्दी होते. गावातील घरे पाहुण्यांना खोल्या देतात आणि तरुण वाटाडे होतात. २०१० पासून पठारावर सांस्कृतिक महोत्सव भरतो व त्यात मुलांच्या जटा कापण्याचा विधी प्रेक्षकांसमोर होतो. यातून गरीब आईबापांना मुलाची मागणी पुरी करायला मदत मिळते, हे चांगलेच. पण शेजाऱ्यांच्या साक्षीने होणारा विधी तिकीट काढून पाहण्याचा कार्यक्रम झाला म्हणजे त्याचा अर्थ तोच राहतो काय, हा प्रश्न उरतोच.

तिसरा मार्ग शासनाचा. २०१४ च्या ग्रामकायद्यानुसार इंडोनेशियातील प्रत्येक देसाला केंद्राकडून थेट निधी मिळू लागला. रस्ते, गटारे, पाण्याच्या टाक्या यांवर तो खर्च होतो. मातीसाठी तो खर्च व्हावा असे वाटत असेल, तर आडवी सरी काढणाऱ्या शेतकऱ्याचा पहिल्या दोन-तीन हंगामांतील तोटा कोणी तरी भरून दिला पाहिजे. धरणाची वीज वापरणारे शहर आणि पाणी वापरणारा खालचा शेतकरी यांचा त्यात वाटा असणे न्यायाचे होईल. नुसता उपदेश करून माती थांबणार नाही.

समारोप

सेम्बुंगानच्या या अभ्यासातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. डोंगरावरील शेतकरी अडाणी आहे म्हणून डोंगर झिजतो, असे आपण फार सहज बोलतो. वस्तुतः तो अत्यंत हिशेबी असतो. मात्र त्याच्या हिशेबात फक्त एक हंगाम मावतो, कारण त्याची ऐपत तेवढीच असते. हिशेब मोठा करण्याचे काम त्याच्या एकट्याचे नाही. शेजाऱ्याच्या शेतावर मजुरीशिवाय राबण्याची, घासातला घास वाटण्याची आणि लहान मुलाच्या शब्दाला मान देण्याची रीत ज्या समाजात आहे, त्याच्याजवळ या कामाला लागणारे बळ निश्चितच आहे. ते बळ घराघरांच्या पलीकडे, उतार आणि खोरे यांच्या दरम्यान कसे वापरता येईल, हा खरा प्रश्न आहे. जावाचा आहे तसाच तो सह्याद्रीचाही आहे. आपल्या महाविद्यालयातील भूगोल, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन एखाद्या जवळच्या डोंगरी गावाचा असा अभ्यास हाती घ्यावा, अशी माझी सूचना आहे.